बोस्नियाशी बोलताना नेमकं कोणाशी बोलता? युरोपियन कौन्सिलला खुलं पत्र

प्रति,
युरोपियन कौन्सिलचे सर्व सदस्य, म्हणजे सत्तावीस देशांचे प्रमुख,
आणि युरोपियन कमिशन, ब्रुसेल्स

विषय : बोस्निया-हर्जेगोविनाचा युरोपियन युनियनमधला प्रवेश

सन्माननीय महोदया आणि महोदय,

स. न. वि. वि.

मी मूळची पुण्याची, आता बरीच वर्षं स्टुटगार्टमध्ये नोकरी करते. पगारातून कापला जाणारा माझा थोडा कर बर्लिनमार्गे आपल्याकडे येतो आणि त्यातला काही भाग पुढे पश्चिम बाल्कनला जातो. पत्र लिहिण्याचा माझा हक्क एवढाच. मराठी आपल्या चोवीस अधिकृत भाषांमध्ये नाही, म्हणून जर्मन प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत माझ्या माणसांनीही वाचावी म्हणून. बोस्निया म्हटलं की आमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या बातम्या आठवतात, आणि गोष्ट तिथेच संपते.

खरं तर तो देश आम्हाला इतका परका नाही. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. जन्म मुंबईचा, सैन्यातलं घर मराठा लाइट इन्फंट्री. त्यांचं मुख्यालय सुरुवातीला बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होतच थाटलं होतं, कारण त्या वेळी ते शांत शहर समजलं जात होतं! महिन्याभरात त्याच शहराला वेढा पडला आणि तो चार वर्षं, १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत, उठला नाही. युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली आणि निम्म्या देशाने घरदार सोडलं. स्रेब्रेनित्सात १९९५ च्या जुलैमध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. बेपत्ता झालेल्यांपैकी साडेसात हजारांच्या आसपास लोकांचे अवशेष आजही सापडलेले नाहीत. हे आपल्याला मी सांगायची गरज नाही, आपले सैनिक तिथे होते.

मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या तीस वर्षांबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. आपण स्पष्ट अट घातलीत, तिचं फळ लोकांच्या हातात दिसेल असं दिलंत आणि काम संस्थांकडून करून घेतलंत, तेव्हा बोस्निया पुढे गेला. पण ज्या दिवसापासून तीन-चार पक्षप्रमुखांना बोलावून ‘तुमचं काय ते आपसात ठरवा’ म्हणायला लागलात, त्या दिवसापासून गाडी रुतली. दोष त्या पुढाऱ्यांचा आहेच. पण त्यांना देशाचे मालक मानायची सवय आपण लावून घेतलीत.

आधी चांगलं सांगते. युद्धानंतर गाडीच्या नंबरप्लेटवरून ती कुठल्या बाजूची आहे, बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम), क्रोएट की सर्ब, ते लगेच कळायचं. दुसऱ्या हद्दीत गेलं की दगड पडणार, पोलीस अडवणार, म्हणून लोक आपल्या गावापलीकडे जायचे बंद झाले. १९९८ मध्ये नवी प्लेट आली. तिच्यावर फक्त लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांमध्ये सारखीच दिसणारी अक्षरं वापरली, आणि गाव, जिल्हा, प्रांत यातलं काही कळणार नाही असा क्रमांक दिला. पत्र्याच्या एका तुकड्याने माणसं पुन्हा हिंडायला लागली. भाषणबाजी शून्य! शांततेच्या कामात याहून हुशार कल्पना मी पाहिलेली नाही, आणि ती सुचलेल्या माणसाचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, हेही मला आवडतं.

चलनाचंही तसंच. १९९८ मध्ये आलेला ‘कन्व्हर्टिबल मार्क’ आधी जर्मन मार्कला बांधला, मग युरोला, आणि तो आजतागायत ढळलेला नाही. घरांचा प्रश्न त्याहून अवघड होता. हाकललेल्यांच्या घरांत दुसरे हाकललेले राहत होते. तरीही कायदा करून, नगरपालिकांच्या मानेवर बसून, सुमारे दोन लाख कुटुंबांना त्यांची घरं कागदोपत्री परत मिळाली. २००४ पर्यंत दहा लाख लोक परतल्याची नोंद झाली. पुष्कळांनी घर ताब्यात घेतलं आणि विकून टाकलं, हेही खरं. पण विकायचा हक्क मिळणं हाच न्यायाचा मोठा भाग होता. एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या सेनांची मिळून २००६ च्या जानेवारीत एकच सेना झाली. त्याच महिन्यात देशभर एकच व्हॅट लागू झाला, १७ टक्के.

मग २६ एप्रिल २००६ उजाडली. घटना थोडी सुटसुटीत करणारं दुरुस्ती विधेयक, अमेरिकेच्या पुढाकाराने बनलेलं, खालच्या सभागृहात आलं. २८ मतं हवी होती, २६ पडली. त्या दोन मतांनंतर देश जवळजवळ त्याच जागी उभा आहे.

आता घटनेकडे वळते, कारण माझ्या मराठी वाचकांना हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्यासाठी ही उजळणी समजा. १९९५ च्या डेटन कराराला जोडलेलं चौथं परिशिष्ट म्हणजेच बोस्नियाची घटना. देशाचे दोन भाग केले, बोस्नियाक आणि क्रोएट यांचं फेडरेशन आणि सर्बांचं रेपुब्लिका स्रप्स्का, शिवाय ब्रच्को नावाचा एक स्वतंत्र जिल्हा. फेडरेशनचे पुन्हा दहा कॅन्टन, प्रत्येकाचं सरकार आणि मंत्रिमंडळ वेगळं. सर्वांत वर एका राष्ट्रपतीऐवजी तिघे : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. पहिले दोन फेडरेशनमधूनच निवडायचे, तिसरा रेपुब्लिका स्रप्स्कामधूनच. वरच्या सभागृहातही प्रत्येकी पाच जागा. यात जो बसत नाही तो घटनेच्या भाषेत ‘इतर’.

याकोब फिंत्सी ज्यू आहेत. ते स्वित्झर्लंडमध्ये बोस्नियाचे राजदूत होते. परदेशात ते देशाच्या वतीने बोलू शकतात, पण स्वदेशात राष्ट्रपतिपदासाठी उभे राहू शकत नाहीत. देर्वो सेयदिच रोमा समाजातले, त्यांचंही तेच. दोघांनी मिळून स्ट्रासबर्गचं मानवाधिकार न्यायालय गाठलं आणि २२ डिसेंबर २००९ रोजी जिंकले. पुढे २०१६ मध्ये इलियास पिलाव जिंकले. हे स्रेब्रेनित्साच्या वेढ्यात काम केलेले डॉक्टर, स्वतः बोस्नियाक. पण त्यांचं घर स्रेब्रेनित्सात, म्हणजे रेपुब्लिका स्रप्स्कामध्ये, आणि तिथून फक्त सर्बच निवडला जाऊ शकतो. थोडक्यात, ज्या गावात त्यांच्या लोकांची कत्तल झाली तिथे राहायचं ठरवलं, तर वरच्या पदाचा हक्क सोडायचा.

आणि आपण काय केलंत? सुरुवातीला ठणकावून सांगितलंत, की हा निकाल अमलात आणल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. तेव्हाचे विस्तार कमिशनर श्टेफान फ्युले यांनी पक्षप्रमुखांबरोबर बैठकांमागून बैठका घेतल्या, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत हात टेकले. वर्षअखेरीस जर्मनी आणि ब्रिटनच्या प्रस्तावावरून ती अटच बाजूला सरकवली गेली. ‘आधी अर्थव्यवस्था, घटना नंतर बघू.’ २०१५ च्या जूनमध्ये बोस्नियाबरोबरचा सहकार्य करार लागू झाला. नाही म्हणत राहिलं की युरोप थकतो आणि अट सोडतो, हा धडा सारायेव्होतल्या आणि बान्या लुकातल्या, म्हणजे रेपुब्लिका स्रप्स्काच्या सत्ताकेंद्रातल्या, मंडळींनी त्या वेळी पाठ करून टाकला.

फ्युले माघार घेत होते त्याच फेब्रुवारीत तुझला शहरात कारखान्यांचे कामगार रस्त्यावर उतरले होते. खासगीकरणात कारखाने विकले गेले, महिनोन्‌महिने पगार नाहीत. सरकारी इमारती जळल्या, लोण सारायेव्होपर्यंत गेलं. नंतर लोकांनी खुल्या सभा भरवल्या, त्यांना ते ‘प्लेनुम’ म्हणत. कोणीही यावं, बोलावं, मागण्यांवर मतदान करावं. तुझल्याचं कॅन्टन सरकार गेलं. मागण्या कसल्या होत्या? माजी मंत्र्यांचे फुकटचे भत्ते बंद करा, खासगीकरणाची चौकशी करा. जातपात, धर्म, वंश यांचा पत्ताच नव्हता. युरोपला ज्या नागरिकाची आस आहे तो त्या सभेत रांगेत उभा होता, आणि युरोप मात्र बंद दारामागे पक्षप्रमुखांची समजूत काढत होता.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर मला अजून सहन होत नाही. नवजात बालकाला ओळख क्रमांक देणारा कायदा घटना न्यायालयाने रद्द केला होता. नव्या कायद्यावर संसदेचं एकमत होईना, कारण क्रमांकात प्रांत दिसावा की नाही यावर वाद. २०१३ च्या फेब्रुवारीपासून जन्मलेल्या मुलांना क्रमांकच मिळाला नाही. क्रमांक नाही म्हणून पासपोर्ट नाही. एका काही महिन्यांच्या बाळाला उपचारांसाठी परदेशी न्यायचं होतं, ते अडकलं. जूनमध्ये बाबागाड्या घेऊन आईबाप संसदेसमोर जमले, माणसांची साखळी करून खासदारांना रात्रभर आत कोंडलं. त्याच उन्हाळ्यात एक बाळ दगावलंही. देशाचं राष्ट्रीय संग्रहालय त्या सुमारास कुलूपबंद होतं, दारावर आडव्या फळ्या ठोकलेल्या. डेटनच्या घटनेत संग्रहालयाची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, म्हणून पैसा कोणीच देईना. तीन वर्षं कर्मचारी बिनपगारी येऊन वस्तूंची देखभाल करत राहिले. २०१५ मध्ये ते उघडलं ते लोकांच्या रेट्याने.

मोस्टारची कहाणी मला आमच्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. या शहरात २००८ नंतर थेट २०२० च्या डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक झाली. निवडणुकीचे नियम घटना न्यायालयाने रद्द केले होते आणि शहरातल्या दोन मोठ्या पक्षांना नवे नियम नको होते. बारा वर्षं निवडणूक नाही, २०१२ नंतर नगरसेवकच नाहीत, तोच महापौर खुर्चीत. (पुण्या-मुंबईत २०२२ च्या मार्चपासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत प्रशासकाने कारभार हाकला, त्यामुळे कचऱ्याची तक्रार नेमकी कोणाकडे करायची हा मोस्टारकरांचा प्रश्न आम्हाला समजतो.) कोंडी फोडली कोणी? इर्मा बरालिया नावाच्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षिकेने. तिने स्ट्रासबर्गला दावा लावला आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जिंकली. पण २०२० च्या जूनमध्ये करारावर सह्या कोणी केल्या? दोन पक्षांच्या प्रमुखांनी, आपल्या आणि अमेरिकेच्या राजदूतांच्या साक्षीने. फोटोत ती शिक्षिका नव्हती.

मी मोस्टारला गेले तेव्हा जुन्या पुलावर पर्यटकांची झुंबड होती. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये तोफांनी पाडलेला, २००४ मध्ये पुन्हा बांधलेला तो पूल आपल्या सर्व माहितीपत्रकांवर असतो. तिथून थोडंसं चाललं की जुनं जिम्नॅशियम लागतं, नारिंगी रंगाची सुंदर इमारत. त्या एकाच इमारतीत बोस्नियाक मुलं एका अभ्यासक्रमाने शिकतात, क्रोएट मुलं दुसऱ्या. फेडरेशनमध्ये अशा ‘एका छपराखाली दोन शाळा’ पन्नासहून अधिक आहेत. काही ठिकाणी प्रवेशद्वारं वेगळी, काही ठिकाणी वेळा वेगळ्या. यायत्से नावाच्या लहान शहरात २०१६ मध्ये अशीच नवी फाळणी करायचं ठरलं, तर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनीच मोर्चे काढले आणि वर्षभरात तो बेत हाणून पाडला. त्या मुलांना २०१८ मध्ये ‘ओएससीई’चा, म्हणजे युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचा, माक्स फान देर स्टूल पुरस्कार मिळाला. टाळ्या झाल्या, बाकीच्या शाळा होत्या तशाच राहिल्या.

सारायेव्होत एक दिवस बेलग्रेडची बस पकडायची होती. ती शहराच्या मुख्य स्थानकावरून नाही, पूर्व सारायेव्होतून सुटते. १०३ नंबरची ट्रॉलीबस दोब्रिन्यापर्यंत, पुढे बॅग ओढत काही मिनिटं चालायचं. वाटेत ना चौकी, ना फाटक. अपार्टमेंट्स तीच, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे तेच. फक्त पाट्या सिरिलिक होतात. माझ्याबरोबर चालणाऱ्या एका आजींच्या हातात भाजीची पिशवी होती, त्या पलीकडे स्वस्त मिळतं म्हणून रोज ये-जा करतात. ज्या रेषेसाठी पुढारी एकमेकांचे गळे धरतात, ती त्या रोज टोमॅटोसाठी ओलांडतात.

मग असे लोक वाईट पुढाऱ्यांना का निवडून देतात, हा आपल्या अधिकाऱ्यांचा आवडता प्रश्न. थोडं उत्तर नोकऱ्यांत आहे : सरकारी नोकरी पक्षाच्या कार्यालयातून मिळते, आणि चौदा सरकारांच्या देशात सरकारी नोकऱ्या पुष्कळ. थोडं भीतीत आहे. आणि बरंचसं उत्तर हे, की ज्यांचं पटत नाही ते मत देण्याऐवजी निघून जातात. १९९१ मध्ये ४४ लाखांच्या जवळ असलेली लोकसंख्या २०१३ च्या जनगणनेत ३५ लाखांवर आली, आणि तेव्हापासून लोक जातच आहेत. युद्धात जर्मनीने साडेतीन लाखांच्या आसपास बोस्नियन निर्वासित घेतले आणि बहुतेकांना युद्ध संपल्यावर परत पाठवलं. आता त्यांच्याच परिचारिकांना आम्ही करार करून आणतो. स्टुटगार्टच्या वृद्धाश्रमांत त्या आहेत. आमच्या राज्याने, बाडेन-व्युर्टेम्बर्गने, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारशीही कुशल कामगारांचा करार केला, म्हणजे उद्या मराठी मुलीही त्यांच्या शेजारी उभ्या राहतील. मला त्याचा आनंदच आहे. पण महाराष्ट्रातून काही हजार माणसं गेली तर राज्य रिकामं होत नाही. बोस्नियात गावातली परिचारिका गेली की दवाखान्याचं दार बंद होतं, आणि पुढच्या निवडणुकीत पक्षाच्या नोकरीवाल्यांचं मत आपोआप वजनदार होतं.

लोकांचा युरोपवरचा विश्वास उडाला असेल तर तोही विनाकारण नाही. २००३ च्या जूनमध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीला आपण जाहीर केलंत, की बाल्कनचं भवितव्य युनियनमध्ये आहे. तेव्हा जन्मलेलं मूल आज पदवीधर होऊन म्युनिकला निघून गेलं आहे. क्रोएशिया २०१३ मध्ये आत गेला, त्यानंतर कोणीच नाही. उत्तर मॅसिडोनियाने ग्रीसच्या समाधानासाठी देशाचं नाव बदललं. त्यानंतर २०१९ मध्ये फ्रान्सने अडवलं, २०२० मध्ये बल्गेरियाने. सारायेव्होतला कोणीही चहावाला, कॉफीवाला म्हणू या, हे उदाहरण देतो. देशाचं नाव बदलूनही दार उघडत नसेल तर आमच्या पुढाऱ्यांनी व्हेटो, म्हणजे निर्णय अडवायचा हक्क, सोडावा कशासाठी, असं तो विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं. बोस्नियाला २०२२ च्या डिसेंबरात उमेदवार देशाचा दर्जा दिलात, तोही युक्रेनला दिल्यानंतर. २०२४ च्या मार्चमध्ये वाटाघाटी सुरू करायचं ठरवलंत, पण न्यायव्यवस्थेचे जे कायदे हवे होते ते बराच काळ अडकून राहिले.

पश्चिम बाल्कनसाठी आपण सहा अब्ज युरोंची वाढ योजना आणलीत. सहा देशांत बोस्नियाचा आराखडा सर्वांत शेवटी आला, पुढाऱ्यांचं जुळेना म्हणून. दंड म्हणून आपण देशाचा वाटा दहा टक्क्यांनी, म्हणजे दहा कोटी युरोंहून अधिक रकमेने, कमी केलात. नियमाप्रमाणे बरोबर असेल. पण ज्यांनी उशीर केला त्यांच्या खिशाला एक फेनिंगचीही तोशीस पडली नाही. पैसे गेले ते लोकांचे.

उलट जिथे एका माणसावर कारवाई करायची होती तिथे आपल्याला एकमत जमलं नाही. रेपुब्लिका स्रप्स्काचे तेव्हाचे अध्यक्ष मिलोराद दोदिक वर्षानुवर्षं तो भाग देशापासून तोडायची भाषा करत आले. २०२५ च्या फेब्रुवारीत सारायेव्होच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, ऑगस्टमध्ये अपिलात निकाल कायम झाला आणि अध्यक्षपद गेलं. ते काम देशाच्या स्वतःच्या न्यायाधीशांनी केलं, प्रचंड दबावाखाली. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने आपापल्या पातळीवर त्यांना प्रवेशबंदी केली, युनियन म्हणून आपण गप्प. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने जुने निर्बंध उठवून टाकले. त्या न्यायाधीशांना त्या दिवशी काय वाटलं असेल?

राहता राहिले हाय रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे डेटन कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारे आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी. १९९७ पासून त्यांना कायदे लादायचे आणि निवडून आलेल्यांना काढायचे अधिकार आहेत. आम्हा पुणेकरांना ही व्यवस्था ओळखीची वाटते. पेशवाईच्या अखेरीस संगमावरच्या रेसिडेन्सीत एल्फिन्स्टन बसायचा, आणि दरबारातल्या प्रत्येकाचा एक डोळा शनिवारवाड्याकडे तर दुसरा संगमाकडे. तुलना पुरती लागू नाही, मला माहीत आहे. एल्फिन्स्टन राज्य गिळायला आला होता. यांनी चांगली कामंही केली, नंबरप्लेट त्यांचीच, २०२१ मध्ये नरसंहार नाकारण्यावरची बंदीही त्यांचीच. पण दरबारावर होणारा परिणाम तोच. खासदार निर्णय घेत नाहीत, कारण शेवटी कोणीतरी परदेशी माणूस घेईलच. २ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री, मतदान संपल्यावर तासाभरात, हाय रिप्रेझेंटेटिव्ह क्रिस्टियान श्मिट यांनी निवडणूक कायद्यात बदल लादले. बदल बरे की वाईट हा वाद बाजूला ठेवू. मतपेट्या उघडत असताना मोजणीनंतरचे नियम बदलायचे नसतात, एवढं आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतही पाळतात.

हे कार्यालय बंद व्हावं असं मला वाटतं, पण उद्या नको. फिंत्सी आणि सेयदिच ज्या दिवशी उमेदवारी अर्ज भरू शकतील त्या दिवशी. ही अट पुन्हा टेबलावर आणा आणि या वेळी थकू नका. तोवर ‘युफोर’ची, म्हणजे युनियनच्या शांतिसेनेची, तुकडी तिथे राहू द्या, दर नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेत तिची मुदत वाढते की नाही म्हणून देशाने श्वास रोखायचा, हा प्रकार बंद करा. सुधारणा अडवणाऱ्या व्यक्तींवरचे निर्बंध सत्तावीसांच्या एकमतावर टांगून ठेवू नका, जे देश तयार आहेत त्यांनी मिळून लावावेत.

आणि पैसा खाली जाऊ द्या. वाढ योजनेतला एक हिस्सा नगरपालिकांना, विद्यापीठांना, दवाखान्यांना थेट मिळेल अशी तरतूद करा, म्हणजे वरचं भांडण मिटेपर्यंत खालचं काम थांबणार नाही. एका छपराखालच्या ज्या शाळा एकत्र होतील त्यांना त्याच वर्षी प्रयोगशाळा, बस, शिक्षकांचे पगार द्या. परिचारिका नेणाऱ्या देशांनी तिथल्या नर्सिंग शाळांचा खर्च उचलावा, जर्मनीने पहिल्यांदा. माझ्या करातून कापून घ्या, हरकत नाही. आणि पुढच्या वेळी सारायेव्होत शिष्टमंडळ जाईल तेव्हा त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत पक्षप्रमुखांच्या आधी यायत्सेच्या त्या मुलांची वेळ लिहा. ती आता पंचविशीच्या आसपास असतील. त्यातली जी अजून देशात आहेत, ती भेटतील.

कळावे,

आपली,
स्टुटगार्टमधली एक मराठी करदाती